कागद सरकतो, दोष पात्याला

प्रश्न : क्राफ्ट कटिंग मशीनवर जाड कार्डशीटमधून नावं कापते. अक्षरांच्या रेषा जुळत नाहीत. नवं पातं लावलं, दाब वाढवला, तरी तेच. मशीन बिघडलं का?
— एक वाचक

उत्तर : बहुधा नाही. बोथट पात्यानं कडा फाटतात. पण रेषेची दोन टोकं भेटतच नसतील, तर कागद किंवा मॅट मध्येच सरकते आहे. दाब वाढवला की पातं कागदाला आणखी ओढतं, म्हणजे दुखणं वाढतंच. खात्रीसाठी पात्याजागी पेन लावून तीच नावं काढा. रेषा जुळल्या तर मशीन ठीक, पकड सैल. मॅट कोमट पाण्यानं, सौम्य साबणानं धुऊन वाळवा, कडांना मास्किंग टेप लावा आणि कमी दाबानं दोनदा कापा. पेनही चुकलं, तर मशीन बंद करून रुळांवरचे कागदाचे कण पुसा.