इंग्रजी ‘पंच’ शब्दाचीं कुळें

इंग्रजी शिकणाऱ्या विद्यार्थ्यास ‘पंच’ हा शब्द लवकरच भेटतो व घोंटाळ्यांतहि पाडतो. कागदास भोंक पाडणें तें पंच करणें; ठोसा तोहि पंच; मद्य, साखर, लिंबाचा रस इत्यादिकांचें एक पेय, तेंहि पंच; आणि लंडन येथें १८४१ सालीं निघालेल्या व २००२ सालीं कायमच्या बंद पडलेल्या विनोदी साप्ताहिकाचें नांवहि ‘पंच’च! एका शब्दास इतके अर्थ कसे फुटले, हा प्रश्नच मुळीं फसवा आहे. हा शब्द एक नव्हे. निरनिराळ्या कुळांतील शब्द येथें एका उच्चारांत मिळाले आहेत.

भोंक पाडणारा ‘पंच’ फ्रेंच भाषेच्या द्वारें लॅटिनमधून आला. टोंचणें या अर्थाचा लॅटिन धातु त्याचें मूळ. ‘पॉइंट’ व ‘पंक्चर’ हीं त्याचींच भावंडें. टोंचण्यावरून ढोसणें व ढोसण्यावरून ठोसा, असा अर्थ सरकत गेला. साप्ताहिकाचें नांव मात्र बाहुल्यांच्या खेळांतील बांकदार नाकाच्या पंचावरून पडलें. हा नेपल्सकडील ‘पुल्चिनेल्ला’ नामक विदूषक. त्याचा खेळ १६६२ च्या मे महिन्यांत लंडनमध्यें पाहिल्याची नोंद सॅम्युएल पेपीसच्या रोजनिशींत आहे.

आतां राहिलें पेय. ईस्ट इंडिया कंपनीचा डॉक्टर जॉन फ्रायर मुंबई, सुरत व जुन्नर या भागांत हिंडला होता. १६९८ सालीं छापलेल्या आपल्या प्रवासवृत्तांत तो म्हणतो कीं, या पेयांत पांच जिनसा पडतात, म्हणून हिंदुस्थानी ‘पांच’ या शब्दावरून त्यास हें नांव मिळालें. हें वाचून आपणांस सहजच अभिमान वाटतो. (क्रिकेटमधील आपला ‘पंच’ तर पंचायतींतलाच, त्याचा इंग्रजीशीं संबंध नाहीं.)

परंतु अभिमान हा पुरावा नव्हे. हा शब्द १६३२ सालच्या एका इंग्रजी पत्रांत आढळतो, म्हणजे फ्रायरच्या ग्रंथाहून सासष्ट वर्षें जुना. त्या सुमारास इंग्रजींत या शब्दांतील स्वराचा उच्चार आपल्या ‘उ’ सारखा होत असे. तो आपल्या ‘पंच’ वा ‘पांच’शीं नीटसा जुळत नाहीं. शिवाय जुन्या कृतींत जिनसा नेहमीं पांचच असतात असेंहि नाहीं. मद्याच्या मोठ्या पिंपास इंग्रजींत ‘पंचन’ म्हणत. पेयाचें नांव त्याचेंच संक्षिप्त रूप असावें, असाहि एक तर्क आहे. म्हणून सावध कोशकार आपला ‘पांच’ नोंदवितात खरा, परंतु त्यापूर्वीं ‘कदाचित्’ हा शब्द घालण्यास विसरत नाहींत.