ॲव्हरेज पडलं की लगेच इंजेक्टर बदलू नका

जुन्या डिझेल गाडीचं ॲव्हरेज पडलं, की सल्ला देणाऱ्यांची रांग लागते आणि त्यातल्या बहुतेकांना काहीतरी विकायचं असतं. टाकीत ओतायची बाटली, डिझेलच्या पाइपवर बसवायचं चुंबक, रीमॅप आणि सगळ्यांत महाग म्हणजे चारही इंजेक्टर. माझ्या २०१२ च्या स्विफ्ट व्हीडीआयला हे सगळे उपाय सुचवून झाले. सातारा-पुणे रस्त्यावर लिटरला वीसच्या आसपास देणारी गाडी सोळाच्या खाली आली होती. शेवटी कारण निघालं ते एका छोट्या भागाचं, आणि तो भाग गाडीत नव्हताच.

त्याकडे येतोच, पण आधी ॲव्हरेज मोजायचं कसं ते. ‘हजाराचं टाकलं आणि एवढी चालली’ या हिशेबाला काही अर्थ नाही. टाकी फुल करायची, नोझल पहिल्यांदा आपोआप कट झालं की थांबायचं. पंपावरचा मुलगा ‘राउंड फिगर करू का, काका?’ म्हणतोच; त्याला नको म्हणायचं. टाकी बरीच खाली आली की त्याच पंपावर, तशीच पुन्हा फुल करायची आणि चाललेल्या किलोमीटरला भरलेल्या लिटरने भागायचं. दहा लिटर भरताना एका लिटरची गफलत झाली तर उत्तर दहा टक्क्यांनी चुकतं, तीस लिटरला तीनच टक्क्यांनी. म्हणून दोन-तीन टाक्यांची सरासरी निघेपर्यंत गॅरेजची पायरी चढू नये.

नवे टायर टाकल्यावर ॲव्हरेज पडलं, अशी तक्रार पुष्कळ जण करतात. त्यातला काही भाग नुसता भास असतो. माझ्या गाडीच्या चाकाची त्रिज्या साधारण ३१० मिलीमीटर. झिजलेल्या टायरची नक्षी नव्यापेक्षा सहा मिलीमीटर कमी असेल, तर चाक जवळजवळ दोन टक्क्यांनी लहान होतं, तेवढ्याच रस्त्यात जास्त फिरतं आणि मीटर जास्त किलोमीटर दाखवतो. नवे टायर आले की तो फुगवटा जातो.

माझं ॲव्हरेज मात्र खरोखरच पडलं होतं. झालं होतं असं, की रेडिएटरच्या होजमधून कूलंट गळत होतं म्हणून हायवेवरच्या एका गॅरेजमध्ये काम करून घेतलं. काम चोख झालं. फक्त तिथल्या फिटरने सवयीने थर्मोस्टॅट काढून टाकला आणि तसं सांगितलं नाही. ही आपल्याकडची जुनी समजूत आहे: ‘वॉल्व काढला की घाटात गाडी गरम होत नाही.’ जुन्या जीपा आणि ट्रक खंबाटकीत वाफा सोडत उभे राहायचे, त्या काळातली. पण थर्मोस्टॅट असतो तो इंजिन लवकर तापावं आणि ठरलेल्या तापमानाला टिकावं म्हणून. तो काढला की कूलंट पहिल्या मिनिटापासून रेडिएटरमधून फिरतं आणि इंजिन कायम थंडच धावतं. गार इंजिनात ऑइल दाट राहतं, घर्षण वाढतं, जळलेल्या डिझेलची उष्णता पिस्टन ढकलण्याऐवजी सिलिंडरच्या भिंती तापवण्यात जाते. शिवाय इंजिन अजून तापलेलं नाही असं समजून कंप्युटर त्या हिशेबानेच डिझेल सोडत राहतो. गाडी कधीच बंद पडत नाही, दिवा लागत नाही, म्हणून कोणाला संशय येत नाही.

मला तो आला डिसेंबरात महाबळेश्वरला. घाट चढून गेल्यावरही हीटरमधून कोमट वारा यायचा. मग ब्लूटूथवर चालणारा एक स्वस्त ओबीडी स्कॅनर स्टिअरिंगखालच्या सॉकेटला लावला आणि मोबाइलवर कूलंटचं तापमान बघत हायवेला गेलो. ऐंशी अंशांच्या पुढे स्थिरावायला हवा तो आकडा साठ-पासष्टवर रेंगाळत होता. हाउसिंग उघडलं तर आत रिकामं. नवा थर्मोस्टॅट, गॅस्केट, कूलंट आणि मजुरी मिळूनही एका इंजेक्टरच्या किमतीच्या जवळपास गेली नाही. तुमच्या गाडीतून तो कोणी काढला नसेल, तरी जुना होऊन उघडा अडकलेला असू शकतो; परिणाम तोच. दहा-पंधरा किलोमीटर चालवून कूलंटचा आकडा बघणं ही माझ्या मते जुन्या डिझेलची पहिली तपासणी, आणि नेमकी हीच कोणी करत नाही.

तेवढ्याने ॲव्हरेज अठरापर्यंत आलं. उरलेला चोर पुढच्या डाव्या चाकात होता. कॅलिपरची पिन गंजून ब्रेक धरून बसला होता. हे घरी कळतं: ब्रेक फारसा न वापरता थोडी गाडी चालवा, थांबा आणि चारही रिमांजवळ हात न्या. एकच चाक जास्त तापलेलं असेल तर तिथे डिझेल जळतंय. डिस्कला मात्र हात लावू नका.

बाकीची कामं किरकोळ. हवेचा फिल्टर झटकून परत बसवायचा नाही, बदलायचा. हवा सकाळी, टायर थंड असताना, दाराच्या खांबावरच्या स्टिकरप्रमाणे भरायची. पावसाळ्यात डिझेल फिल्टरच्या तळचं पाणी काढायचं. काळा धूर येत असेल आणि दाबल्यावर ‘सूऽऽ’ आवाज येत असेल, तर टर्बोकडून इंटरकूलरकडे जाणारे होज तपासायचे. जोडाशी तेलकट डाग दिसला तर बहुधा तिथेच हवा सुटतेय.

ऑइलबद्दल मात्र हट्ट धरा. या गाडीतलं १२४८ सीसीचं इंजिन मूळ फियाटचं; त्याला टायमिंग बेल्ट नाही, चेन आहे आणि चेनचा ताण ऑइलच्या दाबावर सांभाळला जातो. फाइव्ह-डब्ल्यू-थर्टी लिहिलेलं असताना ‘गाडी जुनी झालीये, जाड टाकू’ म्हणून ड्रममधलं ऑइल ओतणाऱ्याला डबा दाखवायला सांगावं. जाड ऑइल फिरवायलाही डिझेलच लागतं.

चालवण्याचं म्हणाल, तर वेगावर सगळ्यांत जास्त वाचतं. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो: ऐंशीऐवजी शंभरने गेलात तर तो दीडपटीहून अधिक. टपावरचं कॅरिअर यात आणखी भर घालतं. गणपतीला कोकणात जाऊन आलात की ते उतरवा. मात्र लवकर वरचा गिअर टाकायचा सल्ला टर्बो डिझेलला आंधळेपणाने लावू नये. पाचव्यात बाराशे-तेराशे आरपीएमवर ॲक्सिलरेटर दाबला की इंजिन कण्हतं, धूर टाकतं आणि काजळी ईजीआरमध्ये साठते. अठराशे-दोन हजारांच्या आसपास ठेवलं की गाडी मोकळी ओढते.

आणि उतारावर न्यूट्रल करू नका, यात वाचतही काही नाही. गिअरमध्ये पाय काढून उतरताना कॉमन रेल इंजिन डिझेल बंदच करतं. न्यूट्रलमध्ये आयडलिंगपुरतं तरी जळतंच. वर सगळा भार ब्रेकवर. कात्रजच्या नव्या बोगद्यातून नवले पुलाकडे उतरताना काय होतं, ते पुणेकरांना सांगायला नको.

हे सगळं करूनही आकडा हलला नाही, तर इंजेक्टर. तेव्हाही आधी लीक-ऑफ टेस्ट मागा: प्रत्येक इंजेक्टरच्या रिटर्न पाइपला छोटी बाटली लावून इंजिन चालवतात, ज्याची लवकर भरते तो गळका. चारही बदलण्याचं कोटेशन मला मिळालं होतं, तेही टेस्ट न करता. माझे चारही ठीक निघाले.

हिशेबही मांडून बघा. महिन्याला हजार किलोमीटर चालवणाऱ्याची गाडी सोळाची एकोणीस झाली, तर जेमतेम दहा लिटर वाचतात. डिझेल नव्वद रुपयांच्या आसपास धरलं तर नऊशे रुपये. चाळीस-पन्नास हजारांची दुरुस्ती त्यातून फिटायला चारेक वर्षं लागतील, आणि एवढ्या जुन्या गाडीचं पंधरा वर्षांनंतरचं पुनर्नोंदणीचं काम तोवर दारात उभं असेल. ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेल नियंत्रणमुक्त होण्याआधी पेट्रोलशी जो मोठा फरक होता, त्यावर असे खर्च निघून जायचे. आता निघत नाहीत.

ज्यांची गाडी महिन्याला दोन-तीनशे किलोमीटरच, तीही गावातल्या गावात चालते, त्यांचं इंजिन तापायच्या आतच बंद होतं. थर्मोस्टॅट शाबूत असला तरी त्यांना चौदा-पंधराच मिळणार, त्याला कोणता फिटर काय करणार? भाजीसाठी मी स्कूटरच काढतो.