शेजारच्या देशी शिकायला

आपल्या खर्ड्याला १७९५ साली मराठे आणि निजाम लढले. शेजारी म्हटला की भांडण, असे आपण सहज म्हणतो. पण शेजाऱ्याकडे विद्याही असते. ती आणायला एक माणूस कसा गेला, ते वाचा.

धर्मानंद कोसंबी गोव्यातील साखवाळचे. जन्म १८७६ चा. शाळा थोडीच झाली. बुद्धाविषयी वाचले आणि मनाने घेतले, हा धर्म मुळातून शिकायचा. हाती पैसा नव्हता. घरी बायको आणि तान्ही मुलगी. तरी १८९९ साली ते निघाले. काशीला अन्नछत्रात जेवून संस्कृत शिकले. मग नेपाळात गेले. १९०२ साली श्रीलंकेत पोचले. कोलंबोला आचार्य सुमंगल यांच्यापाशी पाली भाषा शिकले. बुद्धाचे जुने ग्रंथ त्या भाषेत आहेत.

इकडे घरच्यांनी किती सोसले असेल, तेही विसरू नये.

मिळालेली विद्या त्यांनी घरी आणली. १९१२ पासून सहा वर्षे पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात पाली शिकवली. मराठीत ग्रंथ लिहिले.

आज वाट सोपी आहे. भारत व शेजारचे देश अशा आठ देशांनी मिळून दिल्लीला दक्षिण आशियाई विद्यापीठ काढले. ते २०१० साली सुरू झाले. तेथे या देशांची मुले एका वर्गात बसतात.

तुमची मुलगी लांब शिकायला जाते म्हणाली, तर एकदम नाही म्हणू नका. खर्च किती, शिष्यवृत्ती कोणती, हे आधी विचारा. आणि शेजारच्या देशाचा विद्यार्थी इकडे भेटला, तर त्याला परका मानू नका. सुमंगलांनी आपल्या माणसाला परका मानले नव्हते.

सांगा पाहू : कोसंबी कोलंबोला काय शिकले? ती विद्या पुढे कोणाला मिळाली?