रुग्णवृत्ताचे हस्तलिखित : चिकित्सालयातील नोंदीपासून संपादकांपर्यंत

नंदुरबार जिल्ह्यातील वैद्यांजवळ अनुभवाची वाण नाही. अक्राणी, अक्कलकुवा, तळोदा या तालुक्यांत वर्षानुवर्षे चिकित्सा करणाऱ्या व्यवसायबंधूंनी जे रुग्ण पाहिले, ते महानगरातील अध्यापकांच्या वाट्यास क्वचितच येतात. तथापि तो अनुभव लेखरूपाने शोधपत्रिकेकडे गेला, तर पुष्कळदा परत येतो. आणि परत येण्याचे कारण चिकित्सेतील दोष नसून हस्तलिखितातील उणीव असते. प्रस्तुत लेखात एका रुग्णाच्या वृत्तान्ताचे, म्हणजे रुग्णवृत्ताचे, हस्तलिखित कसे सिद्ध करावे याचा विचार करावयाचा आहे.

आरंभ आमच्यापासूनच करतो. काही वर्षांपूर्वी शोथाच्या एका रुग्णाचे वृत्त आम्ही एका शोधपत्रिकेकडे पाठविले होते. पुनर्नवा हे त्यातील प्रमुख द्रव्य. परीक्षकांचा पहिलाच प्रश्न होता : कोणती पुनर्नवा? आपली घेटुळी, म्हणजे बोऱ्हाविया डिफ्यूजा, की श्वेत पुनर्नवा म्हणून बाजारात येणारी ट्रायान्थेमा पोर्च्युलाकॅस्ट्रम? दोन्ही वनस्पती जमिनीलगत पसरणाऱ्या, परंतु त्यांची कुळेही भिन्न. मुळे आम्ही एका विक्रेत्याकडून घेतली होती, चूर्ण आमच्याच खलात झाले होते आणि ती गोणी केव्हाच संपली होती. रुग्ण बरा झाला होता. परंतु कशाने बरा झाला, हे आम्हांस सिद्ध करता आले नाही. भाषा सुधारून किंवा संदर्भ वाढवून ही उणीव भरून निघण्यासारखी नव्हती.

म्हणून आमचे मत असे झाले आहे की, हस्तलिखिताचा आरंभ लिहावयास बसल्यावर होत नाही. तो औषधाची गोणी उघडताना आणि रुग्णपत्रावर पहिली ओळ लिहिताना होतो.

द्रव्यनिश्चितीची रीत अवघड नाही. वनस्पती ताजी मिळत असेल तर फुलाफळांसह फांदी वृत्तपत्राच्या कागदांत दाबून वाळवावी. संकलनाची तारीख, स्थळ व संकलकाचे नाव त्याच दिवशी चिठ्ठीवर लिहावे. महाविद्यालयाच्या वनस्पतिशास्त्र विभागाकडून, अथवा पुण्यातील भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या पश्चिम विभागीय केंद्राकडून, ओळख पटवून घ्यावी. तो नमुना वनस्पतिसंग्रहात जमा झाल्यावर मिळणारा क्रमांक लेखात द्यावा. आपल्या प्रदेशापुरता डी. ए. पाटील यांचा धुळे व नंदुरबार जिल्ह्यांच्या वनस्पतींवरील २००३ सालचा इंग्रजी ग्रंथ संग्रही असणे उपयुक्त ठरते. द्रव्य वाळलेलेच विकत घेतले असेल, तर प्रत्येक गोणीतील मूठभर नमुना तारीख घालून बंद पुडीत राखून ठेवावा. लेखात नुसते 'मुसळी' लिहिणे पुरेसे नाही. सफेद मुसळीच्या ज्या जातीचे शास्त्रीय वर्णन १९५५ मध्ये झाले व जिला बोरिवलीवरून क्लोरोफायटम बोरिविलिएनम हे नाव मिळाले, तिच्याखेरीज त्याच वंशातील अन्य जातींचे कंदही मुसळी म्हणूनच विकले जातात.

औषधनिर्मात्या बंधूंचा संबंध येथे थेट येतो. तयार कल्प वापरला असेल तर ग्रंथाधार, वापरलेले अंग, घटकद्रव्यांचे प्रमाण, भावना, निर्मितीची तारीख व बॅच क्रमांक हे सर्व वैद्यास निर्मात्याकडूनच मिळावयाचे असते. डिसेंबर २००४ मध्ये अमेरिकन वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात बॉस्टन परिसरातील दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदीय उत्पादनांपैकी १४ मध्ये शिसे, पारा वा आर्सेनिक आढळल्याचे प्रसिद्ध झाले. त्या निबंधाविषयी मतभेद असोत. परंतु रसकल्पाचा उल्लेख आला की परीक्षक चाचणीचा अहवाल मागतात, आणि ते मागणे आम्हांस अन्याय्य वाटत नाही. औषध निर्मात्याने विनामूल्य दिले असेल, किंवा लेखकच औषधालयाचा मालक असेल, तर हितसंबंधांच्या निवेदनात तसे स्पष्ट लिहावे. लिहिल्याने लेख नाकारला जात नाही. लपविल्याने मात्र लेखकाची विश्वासार्हता जाते.

निदानाच्या बाबतीत आपल्या जिल्ह्याची एक विशेष जबाबदारी आहे. येथील आदिवासी समाजात सिकलसेल आजाराचे प्रमाण लक्षणीय आहे. सांध्यांच्या व हाडांच्या वेदना, सूज, पांडुता घेऊन आलेल्या तरुण रुग्णाचे वृत्त 'आमवात' या शीर्षकाखाली पाठविले आणि त्यात सिकलसेलची तपासणी नसेल, तर जाणता परीक्षक पुढे वाचणार नाही. विद्राव्यता चाचणी सदोष आढळल्यास हिमोग्लोबिनचे इलेक्ट्रोफोरेसिस करून घ्यावे व दोन्हींच्या तारखा द्याव्यात. सिकलसेलच्या वेदना कमीअधिक होत राहतात, म्हणून 'आठ दिवसांत उपशय मिळाला' या वाक्यास एरवीपेक्षा कमी वजन राहते. त्या रुग्णास चालू असलेली अन्य औषधे, रक्त चढविले असल्यास त्याची तारीख, हेही नोंदवावे. हिमोग्लोबिनचा आकडा एककासह लिहावा; 'रक्त सुधारले' हे शोधपत्रिकेचे वाक्य नव्हे.

संमतीचा प्रश्न याहून नाजूक आहे. चिकित्सेची संमती आणि प्रसिद्धीची संमती या भिन्न गोष्टी आहेत. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेची २०१७ ची नैतिक मार्गदर्शक तत्त्वे पाहता, लिहिता-वाचता न येणाऱ्या व्यक्तीच्या अंगठ्याबरोबर निःपक्ष, साक्षर साक्षीदाराची स्वाक्षरी घ्यावी. मराठीत छापलेला अर्ज वाचून दाखविला म्हणजे भिली वा पावरी बोलणाऱ्या रुग्णास तो समजलाच, असे गृहीत धरू नये. शिवाय नाव वगळले म्हणजे ओळख झाकली जात नाही. पन्नास-साठ घरांच्या पाड्याचे नाव, वय, जमात व आजार एकत्र छापले, तर तालुक्यातील कोणीही ती स्त्री कोण हे सांगेल. पाड्याचे नाव गाळावे; जमात निदानाच्या दृष्टीने आवश्यक असेल तेव्हाच लिहावी.

लेखाच्या मांडणीसाठी २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेली 'केअर' ही रुग्णवृत्ताची सूची समोर ठेवावी. रुग्णाची तक्रार, तपासणी, निदान, चिकित्सा, पाठपुरावा व परिणाम हा तिचा क्रम. घटनाक्रमाचा तक्ताही ती मागते. हे परकीय बंधन आहे, अशी तक्रार कानी येते. चरकांनी ३६ आणि सुश्रुतांनी ३२ तंत्रयुक्ती सांगितल्या, त्या शास्त्रग्रंथाची रचना व त्याचा अर्थ शिस्तीत राहावा म्हणूनच. तेव्हा ही तक्रार निदान वैद्याच्या तोंडी शोभत नाही.

बाह्य स्वरूपाविषयी थोडकेच सांगावयाचे आहे, कारण प्रत्येक पत्रिकेची लेखकांसाठीची सूचनावली निराळी असते व तीच प्रमाण. परीक्षकांपासून लेखकाचे नाव गुप्त ठेवले जात असेल तेथे शीर्षकपृष्ठ स्वतंत्र द्यावे. देवनागरी मजकूर युनिकोडमध्येच टंकित करावा. जुन्या फाँटमधील श्लोक संपादकांच्या संगणकावर निरर्थक चिन्हे होऊन उमटतात. संहितेचा संदर्भ देताना स्थान, अध्याय व श्लोकांक यांसोबत आवृत्तीही लिहावी. श्वयथुचिकित्सा चरकाच्या चिकित्सास्थानाचा बारावा अध्याय, हे सर्वत्र समान. श्लोकांक मात्र आवृत्तीगणिक बदलू शकतात. छायाचित्रे चिकित्सेपूर्वी व नंतर एकाच अंतरावरून, सारख्याच प्रकाशात घ्यावीत.

पैसे भरताच आठवड्याभरात छापून देणाऱ्या पत्रिकांपासून दूर राहावे. विद्यापीठ अनुदान आयोगाची 'केअर' यादी (वरील सूचीशी हिचा संबंध केवळ नामसाम्याचा) २०२५ मध्ये बंद करण्यात आली. त्यामुळे पत्रिकेची पारख आता लेखकासच करावी लागते. तिचे दोन-तीन जुने अंक वाचून पाहावेत आणि संपादक मंडळातील एखाद्या परिचित वैद्यास आपले नाव तेथे खरोखरच आहे ना, हे विचारावे.

परीक्षकांचे प्रश्न आल्यावर प्रत्येकास क्रमवार, सौम्य भाषेत उत्तर द्यावे व लेखातील बदल कोणत्या पृष्ठावर केला ते दाखवावे. जेथे माहिती नाही तेथे ती उपलब्ध नाही असे लिहावे आणि लेखाच्या मर्यादांत तिची नोंद करावी. पुनर्नवेच्या त्या प्रश्नास आम्ही असेच उत्तर दिले. लेख स्वीकारला गेला नाही. परंतु पुढील पावसाळ्यात घेतलेल्या घेटुळीची राखीव पुडी व वाळविलेली फांदी आता आमच्या कपाटात तारखेसह आहे.