श्रावणात मन कसं असतं?

‘आधी दारू सुटू दे, मग डोक्याचं बघू.’ घरचे असं म्हणतात, पिणारा म्हणतो आणि आम्ही लाइफ कोच मंडळीही सर्रास म्हणतो. या क्रमालाच माझा विरोध आहे. झोपेसाठी घेतलेला पेग पहिल्या झोपेपुरता कामी येतो. पहाटे तीनला डोळे उघडतात, छातीत धडधडतं आणि दिवसभराच्या उदासीवर संध्याकाळी पुन्हा तोच उतारा. नैराश्य तसंच राहिलं तर सुटलेली दारू परत धरायला एक वाईट रात्र पुरते, आणि दारू चालू राहिली तर नैराश्यावरच्या गोळ्यांचा धड गुण येत नाही. पुण्यात १९८६ साली मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू झालं ते येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात, आणि अनिल अवचटांच्या साथीनं ते उभारणाऱ्या डॉ. अनिता अवचट मनोविकारतज्ज्ञ होत्या. व्यसन आणि मन एकाच छपराखाली पाहण्याची ही वाट आपल्याकडे इतकी जुनी आहे.

जाणकार म्हणतील, बऱ्याच जणांची उदासी दारूनंच आणलेली असते. ती सुटली की दोन-चार आठवड्यांत मन ताळ्यावर येतं, मग गोळ्या कशाला? आक्षेप खरा आहे. पण कुणाची उदासी कसली, हे तपासूनच ठरवावं लागतं, आणि त्यासाठी आपल्याकडे आयती सोय आहे. गटारी साजरी करून श्रावणभर बाटलीला न शिवणारे घरोघरी सापडतात. त्या महिन्याच्या अखेरीस माणूस कसा होता, हे घरच्यांनी आठवावं. गणपतीच्या आराशीला हौसेनं उठला, की भिंतीकडे तोंड करून पडून राहिला? पिणं सुरू होण्याआधी, कॉलेजच्या वर्षांत, झोप-भूक कशी होती? हे साल-महिन्यासकट कागदावर मांडून मनोविकारतज्ज्ञाकडे न्या. जगणं नकोसं झाल्याची भाषा असेल, तर मात्र आठवडे मोजत बसायचं नाही. त्याच दिवशी डॉक्टर गाठा. फोनवर बोलायला टेलि-मानस या सरकारी मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक आहे.

एक मोठा अपवाद. सकाळी हातांची थरथर थांबवायला ज्याला घोट लागतो, त्यानं श्रावण आला म्हणून घरच्या घरी एकदम बंद करू नये. पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात, मग भास आणि भ्रम. यात जीवही जातो. शपथा घालून खोलीत कोंडण्यापेक्षा दवाखान्यात दाखल करा. दारू सोडवायची गोळी गुपचूप आमटीत मिसळणं तितकंच घातक आहे, कारण वर दारू पोटात गेली की रक्तदाब कोसळू शकतो.

‘मनाच्या गोळ्यांचंच व्यसन लागलं तर?’ ही भीती झोपेच्या नि चिंतेच्या काही गोळ्यांबाबत रास्त आहे, म्हणून त्या डॉक्टरांच्या नजरेखालीच घ्यायच्या. नैराश्यावरच्या गोळ्यांची तल्लफ येत नाही, फक्त त्या हळूहळू कमी कराव्या लागतात. खरी अडचण उपचारच न मिळण्याची आहे. एम्सच्या २०१९च्या देशव्यापी पाहणीत दारूच्या आहारी गेलेल्या ३८ जणांमागे जेमतेम एकाला काही उपचार मिळाल्याचं दिसलं; उरलेल्यांना इच्छाशक्तीवर प्रवचनं मात्र भरपूर मिळाली असणार. आम्हा कोचांचं काम उपचार सुरू झाल्यानंतरचं: रिकाम्या संध्याकाळी, पगाराचे पैसे, जुने मित्र. कोचकडे गेलात तर पहिल्याच भेटीत विचारा, तुम्ही कुठल्या मनोविकारतज्ज्ञाबरोबर काम करता? ‘त्याची गरज पडत नाही’ असं उत्तर आलं, तर फी भरू नका.