नस दबली की तुटली?

हात लुळा पडला की आपल्याकडे ‘नस दबली’ म्हणून मालीश सुरू होते. परंतु ब्रिटिश शल्यविशारद सेडन यांनी १९४३ मध्ये नसेच्या इजेचे तीन प्रकार सांगितले, ते आपण समजून घेऊ.

खुर्चीच्या पाठीवर दंड टाकून झोपल्यास मनगट लोंबते. तेथे बहुधा तंतूचे वेष्टणच दुखावते. काही आठवड्यांत हात आपोआप सुधारतो. (श्रेय मात्र मालीशवाल्याला!) दुसऱ्या प्रकारात तंतू तुटतो, भोवतीची नळी शाबूत राहते; तंतू दिवसाला सुमारे १ मिलिमीटर वाढतो, म्हणून महिने लागतात. तिसऱ्यात काचेने, विळ्याने अख्खी नस तुटते. ती शस्त्रक्रियेनेच जोडावी लागते; फार उशीर झाल्यास स्नायू कायमचा वाळतो. कापल्यावर बोट बधिर वाटले, तर टाके घालण्यापूर्वीच डॉक्टरांना सांगावे.