शिट्टी हाती घेतलेल्या भाच्यास

॥ श्री सिद्धेश्वर प्रसन्न ॥

होटगी,
आषाढ शुद्ध एकादशी

चिरंजीव भाच्यास,

तुझे पत्र परवा पोहोचले. जेथे तालमींच्या आणि तरुण मंडळांच्या नावाने फुटबॉलचे संघ उभे राहतात व शाहू स्टेडियमवरील सामन्याचा निकाल पेठेपेठेत रात्री उशिरापर्यंत घोळत राहतो, त्या कोल्हापुरात तू शालेय सामन्याला पंच म्हणून उभा राहिलास हे वाचून प्रथम अभिमान वाटला. परंतु तू दिलेल्या पेनल्टीवरून एका मुलाचे वडील थेट मैदानात उतरले, प्रशिक्षकाने मुलांदेखत तुझा उपमर्द केला आणि त्या रात्री शिट्टी कायमची ठेवून द्यावी असे तुझ्या मनात आले, हे पुढच्या पानावर वाचल्यावर उत्तराला विलंब लावणे मला योग्य वाटेना. आज घरात उपवासाची शांतता आहे, पंढरपूरला जाणारी मंडळी पहाटेच गेली, तेव्हा सावकाशीने लिहितो.

तुझे पत्र मी तीन वेळा वाचले. त्या वडिलांचे शब्द तू लिहिलेस, प्रशिक्षकाच्या अंगविक्षेपांचे वर्णन केलेस, पेनल्टी नियमाला धरून होती की नव्हती याचा खल दीड पान केलास. परंतु तो फाउल झाला त्या क्षणी तू स्वतः कोठे उभा होतास, हे मात्र एका ओळीनेही लिहिले नाहीस. माझ्या दृष्टीने साऱ्या प्रकरणाचे मर्म तेथे आहे, आणि ते मला पुस्तकाने शिकवले नाही, एका तेरा-चौदा वर्षांच्या पोराने शिकवले, ती हकीकत तुला आजवर सांगितली नव्हती.

गोष्ट तीसेक वर्षांपूर्वीची. मी तेव्हा रेल्वेत गार्डाच्या हुद्द्यावर होतो आणि साप्ताहिक सुटीच्या दिवशी शाळाशाळांचे सामने चालवीत असे. आपल्या भागातील एका शाळेच्या मैदानावर सामना होता. आदल्या रात्री पाऊस झालेला, आणि इकडची काळी माती ओली झाली की बुटाला अशी धरते की चार पावलांत पाय दुप्पट जड होतो. गोलचे खांब होते, जाळी नव्हती. त्या काळी शाळांच्या मैदानांवर जाळी हा दुर्मिळ पदार्थ होता. उत्तरार्धात एका संघाने अकस्मात मुसंडी मारली, आणि मी, चिखलाने व खरे सांगायचे तर आळसाने, मध्यरेषेच्या आसपासच रेंगाळलो. फटका जमिनीलगत बसला, चेंडू खांबाजवळून मागे गेला, मारणाऱ्या संघाने एकच गिल्ला केला आणि त्या गिल्ल्याच्या भरात मी मैदानाच्या मध्याकडे हात केला. गोल! समोरच्या संघाचा गोलरक्षक माझ्याकडे धावत आला नाही, ओरडलाही नाही. तो आपल्या जागी उभा राहून एका हाताने खाली जमिनीकडे दाखवीत राहिला. मी त्याला हातानेच गप्प केले आणि खेळ पुन्हा सुरू करवला.

दहा मिनिटांनी त्याच बाजूला कॉर्नर मिळाला, तेव्हा मी त्या खांबाशी पोहोचलो आणि मला ते दिसले. खांबाच्या बाहेर, वीतभर अंतरावर, फक्कीची पांढरी रेघ तुटलेली होती, आणि तेथून ओल्या मातीत चेंडूचा गुळगुळीत पट्टा मागच्या बोरीच्या झुडपापर्यंत सरळ गेलेला होता. पोर तेवढेच दाखवीत होते. नियम असा आहे की खेळ पुन्हा सुरू झाला की पंचाला आपला निर्णय फिरवता येत नाही. तो नियम योग्यच आहे, अन्यथा कोणताही सामना कधी संपणार नाही. तो सामना त्या एका गोलाने सुटला आणि ती शाळा स्पर्धेतून बाद झाली. सामना संपल्यावर मी त्या मुलाकडे गेलो, त्याच्या सवंगड्यांच्या समोर म्हणालो, ‘‘चूक माझी झाली, तू बरोबर होतास,’’ आणि तेवढाच मजकूर अहवालातही लिहिला. तो कानडी घरचा मुलगा होता. ‘‘इरली बिड्री सर,’’ असू द्या सर, एवढेच बोलून तो हातमोजे काढू लागला. त्या रात्री मला झोप लागली नाही. माझ्या अधिकाराची एवढी मोठी कसूर त्याने इतक्या सहज माफ केली, याचेच मला अधिक वाईट वाटत राहिले.

पुढे वाचनात आले की गोलची जाळी ही वस्तूच मुळी अशा तंट्यातून जन्मली. लिव्हरपूलचा जॉन अलेक्झांडर ब्रोडी नावाचा अभियंता, खांबांमधून चेंडू गेला की बाहेरून गेला या वादाला कंटाळून, खांबांमागे जाळी बांधण्याची कल्पना घेऊन पुढे आला आणि 1890 मध्ये त्याने तिचे पेटंट मिळवले. त्या सामन्याच्या शंभर वर्षे आधी जी दाद त्या लोकांनी लावून घेतली, ती आमच्या तालुक्यातील पोरांना मिळाली नव्हती; आणि जेथे जाळी नाही तेथे पंचाचे डोळे हीच जाळी असते, हे मी विसरलो होतो.

म्हणून तुला पहिली आणि माझ्या मते सर्वांत मोठी गोष्ट सांगतो ती ही, की जवळ जा. लांबून दिलेला निवाडा अचूक असला तरी ज्याच्या विरुद्ध जातो त्याला तो पटत नाही, आणि दहा पावलांवरून दिलेला निवाडा कधी चुकला तरी मुले तो स्वीकारतात, कारण आपले भांडण पाहायला हा माणूस धापा टाकीत येथवर आला, एवढे त्यांना कळते. सर स्टॅन्ले राऊस यांचे नाव तू परीक्षेच्या अभ्यासात वाचले असशील. पुढे 1961 ते 1974 या काळात जागतिक फुटबॉल महासंघाचे अध्यक्षपद भूषवलेले हे गृहस्थ मुळात एका शाळेतील शिक्षक होते. 1938 मध्ये खेळाचे सारे नियम त्यांनी नव्याने, सुबोध भाषेत मांडले, आणि पंचाने मैदानाच्या एका कोपऱ्याकडून समोरच्या कोपऱ्याकडे तिरके धावावे, म्हणजे खेळ नेहमी पंच आणि लाइनमन यांच्या नजरांच्या मध्ये राहतो, ही पद्धत त्यांच्याच पुरस्काराने रूढ झाली. परंतु शालेय सामन्यात तुला शिकलेले लाइनमन मिळतीलच असे नाही. पुष्कळदा दोन्ही संघांची राखीव मुलेच झेंडी घेऊन रेषेवर उभी असतात. त्यांच्याकडून चेंडू बाहेर गेला की नाही एवढेच विचार, ऑफसाइडचा भार त्या कोवळ्या खांद्यांवर टाकू नकोस, कारण आपल्याच संघाविरुद्ध झेंडी उचललेल्या मुलाला दुसऱ्या दिवशी वर्गात बसायचे असते. त्यांची उणीव तुझ्या पायांनी भरून काढावी लागेल.

होटगीच्या फलाटावर मी हेच दुसऱ्या वेशात शिकलो होतो. विजापूर-गदगकडची लहान गाडी आणि सोलापूर-वाडीची मोठी गाडी यांची येथे गाठ पडे, सामानसुमानासह माणसे एका गाडीतून दुसरीत धावत, आणि त्या गर्दीत गार्डाची शिट्टी वाजण्याआधी त्याची नजर गाडीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरलेली असली पाहिजे, हा दंडक असे. शिट्टी आधी आणि नजर मागाहून, असा क्रम झाला की कोणाचा तरी पाय पायरीवरून सुटे. मैदानावरही मला नवखे पंच दिसतात ते याच दोषाचे: ओरड झाली की शिट्टी, आणि मग कारणाचा शोध.

कधीकधी पाहूनही शिट्टी न वाजवणे हा न्याय असतो. ज्याच्यावर फाउल झाला त्याच्याच पायाशी चेंडू राहिला आणि पुढे वाट मोकळी असली, तर खेळ चालू ठेवण्याची मुभा नियमाने तुला दिली आहे. मोठी माणसे हे समजतात. लाथ बसलेले मूल मात्र समजत नाही, त्याला वाटते की पंचाने पाहिलेच नाही, आणि दोन मिनिटांनी ते स्वतःच हिशेब चुकता करते. म्हणून दोन्ही हात पुढे करताना मोठ्याने म्हणत जा, ‘‘पाहिले आहे, खेळा!’’ ‘पाहिले आहे’ एवढ्या दोन शब्दांनी मी अनेक भांडणे उगवण्याआधीच विझलेली पाहिली आहेत.

आता कार्डांविषयी. तुझ्या पत्रात तू पाच पिवळी कार्डे दाखवल्याचे लिहिले आहेस, आणि त्यांतली दोन तरी न दाखवता भागले असते असे मला वाटते. ही कार्डे कशी आली ते ठाऊक असू दे. केन ॲस्टन नावाचा इंग्रज पंच, तोही पेशाने शाळामास्तर, 1966 च्या विश्वचषकातील इंग्लंड-अर्जेंटिना सामन्यातील गोंधळ मनात घोळवीत मोटारीतून चालला असता चौकातील सिग्नलचे रंग पाहून त्याला ही युक्ती सुचली, आणि 1970 च्या मेक्सिकोतील विश्वचषकात ती प्रथम अमलात आली. परस्परांची भाषा न कळणाऱ्या माणसांना पंचाचा हुकूम कळावा, हा तिचा हेतू. आमच्या भागात एका सामन्यात मराठी, कानडी, तेलुगू आणि दखनी अशा चार बोली ऐकू येतात, तेव्हा रंगाची भाषा किती उपयोगी हे मी जाणतो. परंतु मुलाशी बोलून जे साधते तेथे रंग दाखवू नये. खेळ थांबलेला असताना त्याच्या बाजूने चालत, मान न वळवता, इतरांना ऐकू न जाईल अशा आवाजात ‘‘हे दुसऱ्यांदा झाले’’ एवढे म्हणावे. त्याची मित्रांपुढची पत राखली गेली म्हणजे ते मूल बहुधा तुझे होऊन जाते. मात्र कोणी जाणूनबुजून दुसऱ्याच्या नडगीवर पाय दिला, तर तेथे दयेला जागा नाही. लाल कार्ड काढ, आणि काढताना मनात राग ठेवू नकोस.

नडगीवरून आठवले, की सामन्यापूर्वीची तपासणी कधी घाईत उरकू नकोस. खेड्यातून आलेल्या संघात एखाद्याला बूट नसतात, शिनगार्ड तर निम्म्यांना नसतात. 1948 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये आपले बहुतेक खेळाडू अनवाणी खेळले, हे खरे आणि अभिमानाचेही. पण स्टड लावलेल्या बुटांसमोर अनवाणी पोर उभे करण्याची मुभा त्या अभिमानाने तुला मिळत नाही. अशा वेळी मी दुसऱ्या संघाच्या राखीव मुलांकडे बूट व शिनगार्ड मागत असे, आणि तीस वर्षांत कोणी नाही म्हटल्याचे आठवत नाही. गळ्यातला ताईत, हातातले कडे उतरवायला सांगताना ते त्या मुलाच्या आईच्या किंवा शिक्षकांच्या हाती दे, फक्कीच्या डब्यावर टाकू नकोस. डोक्याला मार लागला तर चेंडू कोठेही असो, शिट्टी त्याच क्षणी. वीज कडाडली तर सामना तहकूब, मग आयोजकांचे वेळापत्रक काहीही म्हणो.

त्या वडिलांविषयी फार लिहीत नाही. प्रेक्षकाला कार्ड दाखवता येत नाही, परंतु खेळ थांबवता येतो. चेंडू हाती घेऊन मैदानाच्या मध्यभागी जाऊन उभा राहा आणि त्या गृहस्थांना बाहेर नेण्याचे काम आयोजकांवर सोपव. त्यांच्याशी वाद घालू नकोस, कारण तेव्हा तू पंच राहत नाहीस, दुसरा पक्षकार होतोस. प्रशिक्षकांचे वेगळे: 2019 पासून त्यांनाही कार्ड दाखवण्याचा अधिकार नियमाने पंचास दिलेला आहे, आणि तू तो वापरायला हवा होतास. मुलांवरची दोन कार्डे वाचवून एक त्यांच्यासाठी ठेवले असतेस तर मुलांनाही काही शिकायला मिळाले असते. घडले ते त्याच संध्याकाळी अहवालात साध्या वाक्यांत लिहावे, विशेषणे घालू नयेत.

आणि ती पेनल्टी चुकीची होती असे तुला आता मनापासून वाटत असेल, तर त्या मुलाला भेट. शाळा गावातच आहे, पत्ता मिळेल. शिट्टी ठेवून देण्याचा विचार त्यानंतर कर. माझा अदमास असा की तो करावा लागणार नाही.

तुझ्या आईस आशीर्वाद. पाऊस यंदा अजून जेमतेम आहे. येत्या शनिवारी तुला सामना असेल तर तासभर आधी मैदानावर जा, दोन्ही गोलांच्या मागे जाऊन जाळी आपल्या हातांनी ओढून पाहा, आणि एखादे भोक सापडले तर खिशात सुतळी असू दे.

तुझा,
मामा